रामघाटावरचे लाल ठिपके

माधव नगर, उज्जैन
३ मार्च २०२४

चि. इशितास,

आशीर्वाद. माझ्याकडे तेवढीच एक गोष्ट मुबलक आहे, म्हणून सुरुवातीलाच देऊन टाकतो.

तुझा खेळ पोचला. फोनवर सांगितलंस तसं एकेक करत, कार्यालयातून आल्यावर मी तो लॅपटॉपवर चढवला. मधुराकाकूने या पराक्रमाबद्दल संध्याकाळी कढी केली, म्हणजे ती तशीही करणारच होती.

आता मत. तुझे नायक गोपाळपंत, म्हणजे आपलेच पूर्वज, शिंद्यांच्या फडातले कारकून. काखेत दप्तर मारून रामघाटावरून निघतात, पायऱ्या, पंड्यांच्या छत्र्या, देवळांच्या घंटा यांच्यावरून उड्या मारत भैरवगढला जातात आणि तिथून नदी ओलांडून दप्तर पलीकडे पोचवतात. दप्तर पटलं. आपल्या घराण्याने तलवार कधी उचलली नाही आणि लेखणी कधी खाली ठेवली नाही. पण उड्या? भई, आपल्याकडे बढतीसाठीसुद्धा कोणी उडी मारल्याचं ऐकिवात नाही.

तरी रामघाट मी पार केला. छत्रीवरून छत्रीवर, अगदी शान से. एका छत्रीखालचा पंडा वर मान करून विचारतो, 'यजमान, गोत्र?' तिथे मी इतका हसलो की नदीत पडलो. ही गंमत काढू नकोस. बाकी काय हवं ते बदल, पंड्याला हात लावायचा नाही.

एक अट मात्र आत्ताच सांगून ठेवतो. सुहासदादा गेल्यावर त्याचा-माझा पत्रव्यवहार तुझ्या वाट्याला आला. तू फोन सोडून कागदावर लिहितेस, याचं मला कौतुक आहे. पण दादा पत्रात माझी कधी भीड ठेवायचा नाही. तूही ठेवू नकोस. काका आहे, पन्नाशी उलटलीय, म्हणून सवलत चालणार नाही. मी जिथे पडायचा तिथे पडेन. गोपाळपंतांना पलीकडे पोचवीन ते माझ्या हाताने.

कॉलमची तारीख आलीय. या आठवड्यात नगरातल्या नव्या कारंज्यावर लिहितोय. त्यात पाणी सोडून सगळं आहे.

तुझा,
आल्हादकाका

---

पुणे
२० मार्च २०२४

ती. आल्हादकाकांस,

साष्टांग नमस्कार. खुर्चीत बसूनच घातलाय, पाठ धरलीये.

पंडा राहील. वचन. रामघाटाच्या लेव्हलला मी आता हातच लावणार नाही.

तुम्ही किती महत्त्वाच्या पदावर आहात ते तुम्हाला नीट कळलेलं दिसत नाही. मी जानेवारीत नोकरी सोडली. रुचिर चित्रं काढतो, मी बाकीचं सगळं करते. दिवाळीनंतर हैदराबादला लहान-लहान खेळांचा मेळा भरतो, तिथे निवड झाली तर खेळ लोकांपर्यंत जाईल. नाही झाली तर मी परत कुठल्यातरी बँकेच्या ॲपमध्ये बटणांचे रंग बदलत बसेन.

आमचे बाकीचे तपासनीस म्हणजे पुण्यातली पोरं. रांगायच्या आधीपासून बटणं दाबतायत. त्यांच्यासमोर भिंत उभी केली तर आभार मानून वरून जातात. मला हवा होता असा माणूस, ज्याने जन्मात एकही खेळ खेळलेला नाही आणि जो माझ्याशी खोटं बोलणार नाही. तुम्ही जिथे पडाल तिथे माझी आई पडेल. म्हणून पायरी किती रुंद, दोन छत्र्यांत अंतर किती, हे सगळं मी तुमच्यावरून ठरवतेय.

तुम्ही कुठे पडता ते मला इथे दिसतं. पडलात, की त्या जागी माझ्या नकाशावर एक लाल ठिपका उमटतो. पंड्यापाशी तुमचा एक छान ठिपका आहे.

आणि एक गुपित सांगते, कारण तुम्ही ते कॉलममध्ये वापरणार. पाय कडेवरून निसटला तरी गोपाळपंत लगेच पडत नाहीत. डोळ्याचं पातं लवायला लागतो तेवढा वेळ खेळ असं धरून चालतो, की पाय अजून पायरीवरच आहे. तेवढ्यात बटण दाबलं तर उडी बसते. खेळणाऱ्याला पत्ताही नसतो. त्याला वाटतं, आपण वेळेवर उडी मारली. आम्ही याला आमच्यात 'माफी' म्हणतो. माफी कमी ठेवली तर लोक चिडून खेळ सोडतात, जास्त ठेवली तर कंटाळून सोडतात. माझं सगळं कौशल्य म्हणजे ती किती ठेवायची एवढंच.

काकूंना नमस्कार. कढी मलाही.

तुमची,
इशिता

---

उज्जैन
२ जून २०२४

चि. इशितास,

उत्तराला उशीर झाला. ऊन असं आहे की शाई कागदावर पोचायच्या आत वाळते.

माफीवर कॉलम लिहिला. लिहिलं, की ही सोय तहसीलीत असती तर मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी येणाऱ्या माणसाला कोणी नदीत ढकललं नसतं. दोन वाचकांचे फोन आले. एक तहसीलीतलाच होता, त्याला तो लेख कौतुकाचा वाटला.

आता तक्रार. छत्र्या झाल्या, घंटा अर्ध्या झाल्या, पुढे गाडी अटकलीय. तुझे गोपाळपंत माझं ऐकत नाहीत. मी म्हणतो उडी. ते ऐकतात, विचार करतात, जरा खाली वाकून बघतात, आणि मग उडी मारतात. तोवर पायाखाली पायरी नसते. अस्सल कारकून. हुकूम निघाला, पोचला, नोंदला गेला, अंमल होईपर्यंत माणूस बुडाला. हे तू मुद्दाम केलं असशील तर दंडवत. नसेल तर बघ जरा.

काकू म्हणते मी खेळताना जीभ बाहेर काढतो. बाकी सब बढ़िया.

तुझा,
आल्हादकाका

---

पुणे
२८ जून २०२४

ती. काकांस,

नमस्कार.

तुमचं बरोबर आहे, आणि मी आठवडाभर त्याच्यावरच बसलेय. बाकीच्यांचे ठिपके दोन पायऱ्यांच्या मधोमध किंवा समोरच्या पायरीच्या तोंडाशी असतात. घाईत उडी मारली, किंवा कमी पडली. तुमचे सगळे ठिपके कडेच्या जरासे पलीकडे, सरळ खाली. म्हणजे तुम्ही अंतर चुकत नाही. बटण वेळेवर दाबलं जातंय आणि खेळाला ते उशिरा कळतंय.

म्हणजे दोष आमचा. किंवा तुमच्या लॅपटॉपचा. बटण दाबल्यापासून पडद्यावर उडी दिसेपर्यंत कुठेतरी वेळ मुरतोय. रुचिर म्हणतो त्याच्या मशीनवर असं काही होत नाही. पण त्याच्या मशीनवर कधीच काही होत नाही, तो म्हणे पावसात भिजतही नाही. मी सगळं परत उकलून बघतेय. तोपर्यंत सगळ्यांसाठीच माफी थोडी वाढवलीये आणि घंटा जवळ आणल्यात. कुरियरने एक कंट्रोलर पाठवतेय, तो हातात धरून खेळा. लॅपटॉपच्या बटणांवर माझा विश्वास उडाला.

दुसरं. तुमचं अक्षर असं बारीक का झालंय? पत्राची सुरुवात बरी असते, शेवटी शेवटी मुंग्यांची रांग. 'सब बढ़िया' वाचायला आईने भिंग आणलं.

तुमची,
इशिता

---

उज्जैन
४ ऑगस्ट २०२४

चि. इशितास,

कागद महाग झालाय. बारीक लिहिलं की दोन विचार जास्त बसतात. भिंगाचा खर्च वहिनींनी माझ्या नावावर टाकावा.

तुझं यंत्र पोचलं. खेकड्यासारखं आहे, पण हातात बसतं. ते घेऊन बसलो की काकू म्हणते, पूजा सांगायला बसलात का. त्याने फरक पडला का, हे तुझे ठिपके सांगतीलच. मी आपलं म्हणतो, थोडा पडला.

पण खरं सांग, घंटा जवळ आणल्याचं तू लिहिलंस, कपड्यांचं काय? भैरवगढच्या लेव्हलमध्ये वाळत घातलेले ते छापाचे कपडे आधी वाऱ्याने फडफडायचे. आता कडक इस्त्री केल्यासारखे ताठ. मी त्यांच्यावर चालत गेलो. चालत, बेटा! मला वाटलं मी सुधारलो. काकूला हाक मारून दाखवलं. मग शंका आली. तू काही केलंस का? अट आठवते ना?

कॉलम सध्या बंद आहे. नवे संपादक म्हणाले, अक्षर लागत नाही, टाइप करून पाठवा. मी म्हटलं, मग जरा आराम करतो. गावातल्या नेत्यांनी पेढे वाटले असतील.

उद्या श्रावणातला सोमवार, महाकालाच्या सवारीमुळे रस्ते बंद. म्हणून हे आजच पेटीत टाकायला काकू निघालीय. मी घरीच आहे. गुडघा जरा कुरकुरतोय.

तुझा,
आल्हादकाका

---

पुणे
१० सप्टेंबर २०२४

ती. काकांस,

हे पत्र मी आधी एकदा लिहून फाडलंय.

हैदराबादच्या मेळ्याशी संबंधित एक बाई पुण्यात आल्या होत्या. त्यांना खेळ दाखवला. त्या एकदाही न पडता थेट नदीपर्यंत गेल्या आणि गोड हसून म्हणाल्या, "लहान मुलांसाठी आहे का?"

बाहेर आल्यावर रुचिर पार्किंगमध्येच सुरू झाला. "इशिता, कपडे फडफडायचे म्हणून मी महिनाभर ते काढले. तू त्यांची फळी केलीस. तू खेळ बनवत नाहीयेस, काकांसाठी कठडा बांधतेयस!" मी म्हटलं, काका आपलं माप आहेत. तो म्हणाला, "माप हलतंय, बाई."

मला इतका राग आला की तुमची बाजू मांडायला मी मार्चपासूनचे सगळे ठिपके काढले. लेव्हलमागून लेव्हल. बहुतेकांवरून काहीच सांगता येत नाही, कारण मी प्रत्येक वेळी काहीतरी बदललंय. एक सोडून. रामघाट. पंड्याला हात लावायचा नाही असं तुम्ही सांगितलंत, म्हणून मी तो मार्चपासून उघडलासुद्धा नव्हता.

मार्चमध्ये रामघाटावर तुमचे ठिपके अगदी विरळ आहेत. एक पंड्यापाशी. ऑगस्टमध्ये सगळा घाट लाल आहे. छत्र्या त्याच. अंतरं तीच. माफी उलट जास्त. कंट्रोलर नवा.

लेव्हल बदलली नाहीये, काका. मग बदललं काय?

मग मी तुमची पत्रं काढून तारखेने मांडली. नुसतं अक्षर बघितलं, मजकूर नाही.

बाबांच्या वेळी सगळ्यांना माहीत होतं आणि मला सर्वांत शेवटी कळलं. तेवढं पुन्हा करू नका. जे आहे ते लिहा. विनोद नको.

इशिता

---

उज्जैन
२२ सप्टेंबर २०२४

चि. इशितास,

कागद बघून दचकू नकोस. ही पहिलीतल्या मुलांची चौरेघी वही आहे. माझ्या इंदूरच्या डॉक्टरांचा हुकूम आहे, की रोज मोठं अक्षर काढायचं, वरच्या रेघेला टेकवून. एका पानावर चार ओळी होतात. म्हणून हे पत्र जाड वाटेल, मजकूर तेवढाच आहे.

कंपवात. नाव चांगलं आहे, एखाद्या रागासारखं. एप्रिलमध्ये कळलं. त्याआधी वर्षभर मला वाटत होतं की मी आळशी झालोय, आणि काकूला वाटत होतं की मी होतोच.

गोळ्या चालू आहेत. त्यांनी बरंच सावरतं. मेंदू हुकूम सोडतो, हात विचार करतो. जूनमध्ये मी तुला गोपाळपंतांबद्दल जे लिहिलं ते त्यांच्याबद्दल नव्हतं. पण तुला हसू आलं असेल, आणि मला तेच हवं होतं. एक गंमत अशी की, काम करताना हात कमी थरथरतो आणि स्वस्थ बसलं की जास्त. आमच्या कार्यालयात बरोबर उलटं आहे, म्हणून बरेच दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही.

तू विनोद नको म्हणालीस. बघ, नाही जमलं.

सांगितलं का नाही? दादाच्या वेळी तू हॉस्पिटलच्या बाकावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायचीस. कोणी बाहेर आलं की झाकण मिटायचीस, कोणी गेलं की उघडायचीस. नंतर तू सांगितलंस की त्या बाकावर तू गोपाळपंतांना पहिली उडी शिकवलीस. मला तुला परत त्या बाकावर बसवायचं नव्हतं. म्हणून मी तुला लॅपटॉपमधला दोष शोधू दिला. तुझा खेळ बिघडतोय हे मला त्या इस्त्रीच्या कपड्यांवरून कळलं होतं. तरी मी गप्प बसलो. कारण त्यांच्यावरून चालताना, बेटा, मला फार बरं वाटलं होतं.

आता तू काय करायचं ते ऐक. माझे ठिपके पुसून टाक. कपडे फडफडू देत. घंटा लांब ने. रुचिरला सांग, माप बदललं.

फक्त नदी राहिलीय. तिची लेव्हल तू अजून पाठवली नाहीस. ती मला ओलांडायची आहे. मार्चमध्ये मोठ्या ऐटीत अट घातली होती, की सवलत नको. ती अट मी मागे घेतो. नदीवर माफी थोडी जास्त ठेवलीस तर मी विचारणार नाही. आणि तू सांगू नकोस.

हात दुखला. चार ओळींची पानं संपत आली.

आल्हादकाका

---

पुणे
१८ ऑक्टोबर २०२४

ती. काकांस,

साष्टांग नमस्कार. या वेळी खरोखर घातला. रुचिरने बघितलं आणि विचारलं काही हरवलंय का.

तुम्हाला तपासनीस पदावरून काढलं आहे. पेन्शन नाही. कपडे फडफडतायत, घंटा लांब गेल्यात, पोरं पडतायत आणि शिव्या देतायत. परवा एकाने माऊस फेकला. रुचिर इतका खूश झाला की त्याने सगळ्यांना मिसळ खाऊ घातली.

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. कार्यालयाच्या वाक्याला ती रडता रडता हसली. मीही.

आता नदी. तिची लेव्हल सोबत पाठवतेय. माफी वाढवलेली नाही. तुम्ही मागितलीत, पण मी दिली नाही. त्याऐवजी मी दुसरं काहीतरी केलंय, आणि ते फक्त तुमच्यासाठी नाही, सगळ्यांसाठी तेच आहे. हैदराबादला पाठवलेल्या खेळातही.

गोपाळपंत भैरवगढच्या शेवटच्या पायरीवर येतात. समोर पाणी. पलीकडचा काठ दिसतो, पण उडी पोचत नाही. कोणाचीच पोचणार नाही. सगळी पोरं उडी मारतात आणि बुडतात. पळत येऊन मारतात, बुडतात. त्यांना कोणी सांगितलंच नाहीये, की इथे काही करायचं नसतं. बटणांना हात न लावता थांबलं, की गोपाळपंत दप्तर मांडीवर घेऊन पायरीवर बसतात. मग दुरून एक नाव येते.

इथे उशीर होऊच शकत नाही, काका. हात कितीही विचार करू देत. तुम्हाला नुसतं बसायचंय.

निवडीचं कळलं की कळवते. तोवर ओलांडून या.

तुमची,
इशिता

---

उज्जैन
१२ जानेवारी २०२५

चि. इशितास,

अक्षर ओळखलं असशील. मी बोलतोय, काकू लिहितेय. चौरेघी वह्यांची मला सुट्टी मिळाली आहे. (सुट्टी नाही. डॉक्टरांनी लिही म्हटलंय, हे लिहीत नाहीत. – मधुरा) कंसातला मजकूर माझा नाही. संपादक बदलले तरी कात्री तीच.

हैदराबादला निवड झाल्याचा तुझा फोन आला तेव्हा मी दाढी करून घेत होतो. (मी करून देत होते.) अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून मी सगळ्या माधव नगराला सांगून आलो. (गेटपर्यंत.) त्या बाईंना विचार, आता लहान मुलांसाठी आहे का?

तुझं नदीचं पत्र आल्यापासून तीन महिने मी उत्तर दिलं नाही. तू फोनवर दोनदा विचारलंस, आणि दोन्ही वेळा मी हवापाण्याबद्दल बोललो. आता सांगतो.

लेव्हल सुंदर आहे. रुचिरला सांग, पाणी शिप्रेचंच आहे, संध्याकाळचं. मी पायरीवर पोचलो. कसा पोचलो ते विचारू नकोस, फडफडत्या कपड्यांनी मला चांगलाच धुतला. पोचलो, आणि तुझ्या सूचनेप्रमाणे काही करायचं नाही म्हणून स्वस्थ बसलो. यंत्र मांडीवर, अंगठा बटणाच्या शेजारी.

गोपाळपंत पाण्यात उडी मारून बुडाले.

परत पोचलो. परत स्वस्थ बसलो. परत उडी. मला वाटलं तुझ्या खेळात दोष आहे, आणि क्षणभर फार आनंद झाला. मग अंगठ्याकडे बघितलं.

मी तुला लिहिलं होतं, बेटा. काम करताना कमी, स्वस्थ बसलं की जास्त. तू वाचलंस, वहिनींना वाचून दाखवलंस, आणि दोघी हसलात. चूक तुझी नाही. जन्मभर मी प्रत्येक गोष्ट अशीच लिहिली, की माणूस हसावा आणि पुढे जावा. आता एकदा कोणी थांबायला हवं होतं, तर माझ्याच वाक्याने त्याला पुढे ढकललं.

सगळ्या जगाला जे काही न करता जमतं, तेवढंच मला जमत नाही. यावर चांगला कॉलम झाला असता.

(मग हे बरेच दिवस खेळले नाहीत. ते यंत्र टीव्हीवर ठेवलं, त्यावर मी रुमाल घातला.)

परवा पुन्हा काढलं. पायरीपर्यंत गेलो. या वेळी पोचल्यावर यंत्र टेबलावर ठेवून दिलं आणि हात मागे घेतले. हात आपले थरथरत होते, त्यांना म्हटलं, करा काय करायचं ते, आता तुमच्याखाली काही नाही. गोपाळपंत बसले. दप्तर मांडीवर घेतलं. पाणी चमकलं. आणि नाव आली, इशिता. किती हळू येते ती! तू हे पोरांसाठी केलंयस? पोरांना एवढा धीर आहे? काकू स्वयंपाकघरातून येऊन उभी राहिली. आम्ही दोघं ती नाव येताना बघत होतो, जशी काही ती आपल्यालाच न्यायला आली आहे.

आणि गोपाळपंत पलीकडे पोचले. माझ्या हाताने म्हणालो होतो. हात काढून घेतल्यावर पोचले, हेही माझ्याच हाताने झालं असं मी धरतो. एवढी माफी तू देशील.

संक्रांतीचा तीळगूळ वेगळा पाठवतोय. गच्चीवर पतंगांची मारामारी सुरू झालीय. मांजाला हात लावायची मला मनाई आहे, त्यामुळे मी खालून सगळ्यांच्या चुका काढतो.

तुझा,
आल्हादकाका

इशिता, हे आत झोपायला गेलेत, म्हणून पुढचं मी लिहिते.

नाव काठाला लागली तेव्हा ते 'पोचलो' म्हणाले. पण गोपाळपंत पोचले नव्हते. नावेतून काठावर उतरायला एक छोटी उडी आहे. इतकी छोटी, की तुझ्या लक्षातच आली नसेल. नाव जरा वेळ थांबते आणि मागे सरकते. यांनी टेबलावरचं यंत्र उचललं, बटण दाबलं, तोवर नाव सरकली होती. मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. पायरी, बसणं, नाव. पुन्हा तसंच झालं.

त्यानंतर नाव आली तेव्हा यांनी यंत्र उचललं नाही. माझ्याकडे बघितलं.

एवढ्या दिवसांत मी त्या खेकड्याला पुसण्यापलीकडे हात लावला नव्हता. कुठलं बटण ते मला माहीत नव्हतं. म्हणाले, "उजवीकडचं. खालचं. घाई नको करूस."

मी दाबलं. गोपाळपंत उतरले. दप्तर कोरडं होतं.

ती उडी काढू नकोस.

मधुराकाकू